आठवडाभर सोलापूर आणि सोबत पावणेदोन वर्षांचं पोर

ओलीचिंच

नमस्कार मंडळी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीहून सोलापूरला येतेय. नवऱ्याचं चिंचोळी एमआयडीसीत एका मशीनचं काम आहे. तो सकाळी साडेआठला जाणार आणि संध्याकाळी सातला उगवणार. घरी एकटी बसण्यापेक्षा आपणही जाऊ, शहर बघू, असं मी ठरवलं. (सासूबाईंचं मत: "त्या उन्हात लेकराला कशाला नेताय?" इथे नोंदवून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.)

हॉटेल सात रस्त्याच्या आसपास मिळतंय. मुलगा चालतो, खरं तर पळतोच. कडेवर राहत नाही, बाबागाडीत बसत नाही. दुपारी एक ते तीन झोपतो आणि ती झोप चुकली तर पुढची संध्याकाळ आमची नसते. तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूरच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्या नकोत. शहरातल्या शहरात, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल, त्याला मोकळं सोडता येईल आणि मलाही काहीतरी बघितल्यासारखं वाटेल अशा जागा सांगा. शिवाय खाणं. तो तिखट अजिबात खात नाही आणि सोलापूरचं नाव काढलं की सगळे आधी तिखटाचंच सांगतात. गाडी कुठली धरावी तेही सांगा.

बाळीवेशीतला

या की ताई. पहिली गोष्ट, मार्चमध्ये अकरा ते पाच बाहेर पडायचं नाव काढू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मार्चमध्ये त्याची तयारी चाललेली असते. आम्हीच पडत नाही ओ, तुम्ही काय पडताव. दिवसाचे दोन तुकडे करा, सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. मधला सगळा वेळ खोलीत.

म्हणून खोलीवर चार पैसे जास्त घाला. पश्चिमेची भिंत असलेली खोली घेऊ नका, संध्याकाळी सातपर्यंत भिंत तापलेली राहते. सगळ्यात वरचा मजलाही नको, स्लॅब दिवसभर तापतो. आणि बुकिंग करताना सरळ विचारा, "पाणी चोवीस तास आहे का?" इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड पाळी असते. मोठ्या हॉटेलांकडं टाक्या-बोअर असतात, त्यामुळं अडत नाही. पण ते पाणी आंघोळीला ठीक, पोराला प्यायला नको.

होटगीरोड

+१ वरच्या मजल्याबद्दल. बाल्कनी असेल तर कठडा बघून घ्या. गजांतल्या फटी रुंद असतात आणि कोपऱ्यात हमखास एक खुर्ची ठेवलेली असते. खोलीत शिरल्या शिरल्या ती खुर्ची आत घ्यायची.

ओलीचिंच

खुर्चीचं डोक्यातच आलं नव्हतं! आमचा तर खुर्ची ढकलत नेऊन त्यावर चढणाऱ्यांतला आहे. धन्यवाद. आता गाडी?

डब्यातलापोहा

कल्याणहून दोन सोयीच्या. वंदे भारत मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास निघते आणि सोलापूरला रात्री साडेदहा-पावणेअकराला पोचते. दुसरी सिद्धेश्वर एक्सप्रेस, रात्रीची. सगळे तुम्हाला सिद्धेश्वर सांगतील, कारण "पोरगं झोपतं". पण कल्याणला ती येईपर्यंत मध्यरात्र जवळ आलेली असते, म्हणजे त्याला झोपेतून उठवून फलाटावर न्यायचं. सकाळी लवकर सोलापुरात उतरायचं आणि हॉटेलवाला म्हणणार, खोली बाराला. हातात बॅगा आणि चिडलेलं पोर घेऊन काउंटरसमोरच्या सोफ्यावर पाच तास!

वंदे भारतमध्ये खंडाळ्याचे बोगदे उजेडी पडतात. खिडकीला चिकटून बोगदा गेला-आला करण्यात पाऊण तास जातो. पुण्यानंतर अंधार, जेवण, झोप. सोलापूरला झोपलेलं पोर खांद्यावर टाकून उतरायचं आणि थेट खोलीत. आठवड्यातून एक दिवस ही गाडी नसते, वार बघून घ्या. पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही, पण मग सीटही मिळत नाही. मांडीवर जवळजवळ सहा तास काढायचे नसतील तर त्याचं पूर्ण तिकीट काढून सीट घ्या.

तळ्याकाठी

सिद्धेश्वरला एवढी नावं ठेवू नका. आमच्या दोन पिढ्या त्या गाडीने मुंबईला गेल्या. हॉटेलला आधी फोन करून अर्ध्या दिवसाचं भाडं जादा देतो म्हटलं की सकाळी सातला खोली देतात. खालचा बर्थ मिळाला तर आई भिंतीकडून नाही, बाहेरून झोपते, पोर आत, एवढं साधं आहे.

डब्यातलापोहा

खालचा बर्थ *मिळाला तर*. असो.

तळ्याकाठी

आता जागांचं. सात रस्त्याहून सिद्धेश्वर मंदिर जवळ आहे. सकाळी सातच्या आत जा. मंदिर तळ्याच्या मध्ये आहे, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून चालत जायची वाट. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन. हे तळं त्यांनीच लोकांना हाताशी धरून खोदलं असं सांगतात. त्यांची समाधीही मंदिराच्या आवारात आहे. लहान मुलाच्या दृष्टीने तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे मोकळं फरसबंद आवार, कबुतरं आणि घंटा. पाण्याच्या कडेला मात्र हात सोडू नका.

एक महत्त्वाचं. अनवाणी जायचं असतं आणि दहा वाजल्यानंतर फरशी पाय ठेवू देत नाही. मोठे उड्या मारत जातात, लहान मूल तिथेच भोकाड पसरतं. जाड सुती मोजे जवळ ठेवा.

मंदिराच्या बाजूलाच भुईकोट किल्ला. आत बाग आहे, आम्ही किल्ला बागच म्हणतो. तिकीट किरकोळ. तटबंदी जाड, दुहेरी, बाहेर खंदक. तटावर नेऊ नका, खाली झाडांमध्ये सोडा. संध्याकाळी बुरुजांची सावली पडते, तेव्हा बरं वाटतं.

गॅझेटवाला

किल्ला बहमनी काळातला. पण ताई, तुम्हाला "आपणही काही बघितलं" असं वाटायचं असेल तर इंद्रभुवन चुकवू नका. महापालिकेची इमारत आहे, आप्पासाहेब वारदांनी बांधलेला वाडा होता तो. नुसती बाहेरून बघितली तरी मान दुखेल, इतकं नक्षीकाम आहे. सोलापूर नगरपालिकेने 1930 साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या सतरा वर्षं आधी, आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला होता. त्याच वर्षी मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत. त्यानंतर भैय्या चौकाकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर, आता स्मारक. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात हे होते, आणि 1942 मध्ये तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. चीनमधून पाहुणे आले की अजूनही...

शेंगदाणा

गॅझेटवाले काका, बाईंच्या पोराचं वय पावणेदोन आहे.

गॅझेटवाला

पोराच्या आईचं नाही ना? तिने स्वतःच विचारलंय, मलाही बघितल्यासारखं वाटू दे म्हणून. सगळे तिला घसरगुंड्याच सांगताहेत.

ओलीचिंच

काकांना माझं मत! इंद्रभुवन आणि कोटणीस दोन्ही यादीत. पण कोटणीस स्मारकात हा काचेच्या कपाटांवर दोन्ही हातांनी थापा मारणार, त्याचं काय?

गॅझेटवाला

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी जा. एकाने अंगणात पोर धरायचं, दुसऱ्याने आत जायचं, मग अदलाबदल. घर लहान आहे, फार वेळ लागत नाही. इंद्रभुवनला तो प्रश्न नाही, ते आवारातूनच बघायचं.

पूर्वभागातली

खाण्याचं मी सांगते. सोलापूर म्हणजे काळं तिखट आणि तर्री हे अर्धं शहर झालं. आमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली माणसं, मागावर राबणारी. इथं सकाळी सहापासून इडली मिळते. मऊ, पांढरी, गरम. सांबार सोडा, नुसती इडली तुपासोबत द्या. दुपारी दहीभात कुठंही सांगितलात तर करून देतात, फक्त "फोडणी नको" हे दोनदा सांगा. एकदा सांगितलं तर मिरची काढून ठेवतात, पण तेल तेच असतं.

कन्नड घरांतून हुग्गी करतात, गव्हाची आणि गुळाची. कुणाच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. हॉटेलात सहसा मिळत नाही.

कडक भाकरी पोराच्या हातात नुसती देऊ नका, तिचे तुकडे धारदार होतात. गरम वरणात नाहीतर दुधात कुस्करून पाच मिनिटं ठेवा, मग बघा कसं खातो. प्रवासात तर ती कितीतरी दिवस टिकते, पिशवीत टाकून ठेवलीत की पोराचं जेवण कुठंही अडत नाही.

शेंगदाणा

आणि शेंगा चटणी? शेंगापोळी? शेंगाभाजी? आमच्या नावाला जागा की ओ.

पूर्वभागातली

चटणी त्याला तिखट लागंल. शेंगापोळी चालंल, दाण्याचं कूट आणि गूळ असतो. पण आधी कधी दाणे खाल्लेत का त्यानं?

सातवीखोली

इथे मी मध्ये पडते, बालरुग्ण विभागात नोकरी करते म्हणून. सोलापुरात दाणे सगळीकडे असतात. चहाच्या गाडीवर खारे दाणे, दुकानात चव बघायला दाणे, पाहुणे म्हणून गेलात तर वाटीत दाणे. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, अर्धाही नाही. दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, पळता पळता खातात, हसतात, आणि दाणा श्वासनलिकेत जातो. कूट, बारीक चटणी, पोळी हे चालतं, पण आधी घरी दाण्याचं कूट देऊन बघितलेलं असू दे. पहिल्यांदा दाणे खाऊन ॲलर्जी कळायची जागा परगाव ही नव्हे.

मार्चमध्ये जिल्ह्यातली द्राक्षं बाजारात असतात, तीही अशीच. अख्खं द्राक्ष देऊ नका. उभे चार काप करायचे, आडवे नव्हे, आडवा काप गोलच राहतो.

अडकलंच आणि मूल खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या, मागे थापा मारू नका. आवाज बंद झाला तर मात्र वाट बघायची नाही. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवायची आणि आत-वर असे पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, आणखी आत जाते. दुसऱ्या माणसाला 108 लावायला सांगा.

ओलीचिंच

हे वाचून पोटात गोळा आला, पण नवऱ्यालाही पाठवलं. दाणे त्याने घरी कूट घातलेल्या खिचडीत खाल्लेत, त्रास नाही. डॉक्टर/सिस्टर, जुलाब झाले तर काय? पाण्याचं वरती वाचून तीच भीती बसलीय.

सातवीखोली

ओआरएसची पुडी घेऊन या, पावडर असलेली, डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेली. टेट्रापॅकमधली रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत, त्यांतल्या साखरेने जुलाब वाढू शकतात. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, ती *पूर्ण* एक लिटरात घालायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात घालू नका. उकळून गार केलेलं किंवा सीलबंद बाटलीचं पाणी. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. दोन वर्षांखाली दर जुलाबामागे अर्धा ते एक छोटा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. सोबत झिंक, ते तिथल्या डॉक्टरांना विचारून.

सहा तास डायपर कोरडा राहिला, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, किंवा मूल मलूल होऊन पडून राहिलं, तर ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठायचा. शहरात बालरोगतज्ज्ञ भरपूर आहेत. रात्री-अपरात्री सिव्हिल हॉस्पिटल आहे. पोचल्या दिवशीच काउंटरवर विचारून जवळच्या बालरोगतज्ज्ञाचा पत्ता लिहून ठेवा, रात्री दोनला शोधत बसू नका.

आज्जीचं_मत

एवढं सगळं करून नेमकं मिळवायचं काय? पोराला त्यातलं काही आठवणार नाही. आमच्या वेळी तीन वर्षांचं होईपर्यंत मूल देवदर्शनापलीकडे कुठे नेत नव्हते आणि आमची पोरं काही वाया गेली नाहीत.

होटगीरोड

आज्जी, पोराला आठवायसाठी नाही चाललेल्या त्या. आईला आठवंल की.

आज्जीचं_मत

आईला आठवेल ते डायपर कोरडा आहे की ओला एवढंच. बरं, निघालीच आहेस तर ऐक. खोलीत पाळणा नसणार. जुनी सुती साडी आण. छताला झोळी टांगता येत नाही हल्ली, आकडे नसतात, पण पलंगावर पसरून घरच्या वासाची साडी अंगाखाली असली की परक्या खोलीत झोप लागते. आणि दुपारी खिडकीला ओला पंचा बांध.

ओलीचिंच

आज्जी, साडी बॅगेत गेली. 🙏

बाळीवेशीतला

आज्जींनी पंच्याचं बरोबर सांगितलं. सोलापुरी टॉवेल घ्या की दोन, त्यासाठीच केलेला असतो. चादर घ्यायची असंल तर पूर्व भागात किंवा नवी पेठेत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण नाव "सोलापुरी" लिहून दुसरीकडची चादर विकणारेही आहेत. हातात घेऊन वजन बघा, दोन्ही बाजू बघा. खऱ्या चादरीची नक्षी विणलेली असते, त्यामुळं ती मागच्या बाजूला उलट्या रंगात उमटते. छापलेली असंल तर मागची बाजू फिकट.

ओलीचिंच

माग चालताना बघायला मिळेल का? त्याला फिरणारं काहीही आवडतं. पंख्याकडे अर्धा तास बघत बसतो.

पूर्वभागातली

दारातनं दाखवा, आत नेऊ नका. यंत्रमागाचा आवाज इतका की शेजारी उभा राहिलेला माणूस ओरडून बोलतो. आमची पोरं त्यातच वाढली तो भाग वेगळा, आणि त्यांतल्या कितीजणांना कमी ऐकू येतं तेही आम्हीच जाणतो. शिवाय सुताची भुकटी उडत असते आणि पट्टे उघडे असतात. रस्त्यावर दारात उभं राहिलं तरी सगळं दिसतं. विचारून उभं राहा, कुणी नाही म्हणत नाही. बहुतेक चहाच देतील.

शेंगदाणा

फिरणारं आवडतं तर विज्ञान केंद्र! केगावला आहे, पुणे रोडवर. बाहेर बागेत हलणारी-फिरणारी खेळणी मांडलीत, आत हॉल. तत्त्व कळायची गरज नाही, बटण दाबलं की काहीतरी होतं एवढं पुरे. तुमच्या मिस्टरांच्या चिंचोळीच्या रस्त्यावरच येतं. वेळ आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा.

डब्यातलापोहा

त्याहून स्वस्त: सोलापूर स्टेशन. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे, सतत काहीतरी येत-जात असतं. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट. पादचारी पुलावरून इंजिनं, मालगाड्या, शंटिंग. हात मात्र घट्ट.

होटगीरोड

संध्याकाळी पार्क चौपाटी, पार्क मैदानाशी. डिस्को भजी तुमच्यासाठी, पोराला नाही. आठच्या आधी जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते आणि लहान मूल गर्दीत गुडघ्याच्या उंचीवर असतं, गरम तेलाच्या गाड्याही साधारण त्याच पट्ट्यात. विजापूर रोडला कंबर तलाव, म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव. सकाळी पाणपक्षी दिसतात. जवळ स्मृती उद्यान, झाडी चांगली आहे.

गॅझेटवाला

नान्नजला काळवीट बघायला न्या. माळढोक अभयारण्य आहे, फार लांब नाही. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, पण काळविटांचे कळप दिसतात.

तळ्याकाठी

पहाटे उठायचं, गाडी ठरवायची, आत गेल्यावर शांत बसायचं. पावणेदोन वर्षांचा शांत बसतो? काका, तुम्हाला नातू आहे का?

गॅझेटवाला

दोन आहेत. म्हणूनच सकाळी घराबाहेर असतो.

ओलीचिंच

मंडळी, येऊन गेलो. खूप जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून लिहिते.

वंदे भारतचा सल्ला सोन्यासारखा निघाला. खोली पहिल्या मजल्यावरची पूर्वेची घेतली. बाल्कनीत खुर्ची होती. होटगीरोड, तुम्हाला पार्टी.

किल्ला बागेत आम्ही जवळजवळ रोज गेलो. मी आधी वेगवेगळ्या जागांची आखणी केली होती, पण पोराला तीच बाग, तोच दगड, तीच वाळलेली शेंग उचलून पुन्हा टाकायची होती. तिसऱ्या सकाळपर्यंत तिथल्या झाडूवाल्या मावशी त्याला नावाने हाक मारायला लागल्या. मी एका झाडाखाली बसून तट बघत राहायचे. खंदक, दोन भिंती, मग आतली शांतता. वेळ होता म्हणून बघून झालं, एरवी फोटो काढून निघाले असते. विज्ञान केंद्राला या नादात जाणंच झालं नाही.

सिद्धेश्वरला मोजे लागले, सव्वानऊलाच. स्टेशनचा कार्यक्रम सर्वांत यशस्वी. मालगाडीचे डबे संपेनात आणि याचं "अजून" संपेना. इडली रोज. एका ठिकाणी दहीभात "बिनतिखट" सांगूनही हिरवी मिरची निघाली, मग मी पूर्वभागातली यांच्या सांगण्याप्रमाणे सगळीकडे दोनदा सांगायला लागले.

रविवारी कोटणीस स्मारक अदलाबदलीने झालं. काका, मी आत जास्त वेळ काढला. नवरा अंगणात घामाघूम. इंद्रभुवन संध्याकाळच्या उजेडात बघितलं आणि खरोखर मान दुखली.

दुपारी मात्र कठीण गेल्या, हे लपवत नाही. तीनला उठल्यावर साडेपाचपर्यंत करायचं काय? बादलीत चार इंच पाणी, हॉटेलचे मग आणि मी शेजारी पाटावर, असे अडीच तास. पाण्याची टंचाई असलेल्या गावात बादलीशी खेळायला लाज वाटत होती, म्हणून तेच पाणी संध्याकाळी फरशी पुसायला वापरलं.

सातवीखोली

शेजारी बसलात ते उत्तम. चार इंच पाणीही लहान मुलाला पुरतं बुडायला, उठून जायचं झालं तर आधी बादली रिकामी करायची. बाकीच्यांसाठी लिहिलं.

आज्जीचं_मत

साडीचं काय झालं?

ओलीचिंच

आज्जी, साडी सुपरहिट. येताना गाडीतही तीच पांघरली. सासूबाई म्हणाल्या, "साडी नेलीस म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने सांगितलं असणार."

पिवळाफुगा

धागा वाचून उत्साह आला. आम्ही मे महिन्यात मुलीला घेऊन येणार आहोत, दोन वर्षांची आहे. हेच सगळं लागू होईल ना?

बाळीवेशीतला

मे? नको ओ. मेमध्ये सकाळी आठलाच उन्हाचा चटका बसतो, संध्याकाळी सातपर्यंत वारा गरम. तुमचा दिवस म्हणजे खोलीच खोली. लग्नकार्य असंल तर नाइलाज, नुसतं फिरायला असंल तर जानेवारीत या. संक्रांतीला गड्डा असतो, सिद्धेश्वरांची यात्रा. सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात, सरळ उभ्या उंच काठ्या, सजवलेल्या, पेलणारी माणसं नवसाची. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. होम मैदानावर पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकानं, आणि मुख्य दिवस उरकल्यावरही ते बरेच दिवस राहतं.

पिवळाफुगा

गर्दीत दोन वर्षांची मुलगी?

तळ्याकाठी

मुख्य दिवसांना आणि दारूकामाच्या रात्री नाही. आवाजाने घाबरतात आणि रस्ते बंद असल्याने परतता येत नाही. ते उरकल्यावर दोन-चार दिवसांनी, संध्याकाळी पाचला मैदानावर जायचं आणि दिवे लागले की अर्ध्या तासात निघायचं. तिच्या मनगटावर पेनने तुमचा फोन नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने जात नाही. नंदीध्वज बघायचेच असतील तर मिरवणुकीच्या वाटेवर कुणाची तरी गॅलरी मिळवा, रस्त्यावर नको.

पूर्वभागातली

रात्री थंडी असते जानेवारीत, टोपी आणा. चादर इथंच मिळंल.

डब्यातलापोहा

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे संक्रांतीसाठी नोव्हेंबरचा मध्य. गड्ड्याला येणाऱ्या गाड्या भरतात, पहिल्याच दिवशी सकाळी आठला बसा. आणि खालच्या बर्थची आशा ठेवू नका.

तळ्याकाठी

या वंदे भारतला बर्थच नसतो. असो.